गेनशिन: दुप्पट सोडून सगळे दीडपटीच्या मागे का लागतात?

रातराणी
नमस्कार मंडळी. गेनशिन इम्पॅक्ट हा व्हिडिओ गेम खेळणारे इथे बरेच जण आहेत हे दुसऱ्या एका धाग्यावर कळलं, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

प्रश्न व्हेपराइझचा आहे, म्हणजे आग आणि पाणी भेटल्यावर होणाऱ्या रिअॅक्शनचा. शत्रूच्या अंगावर पायरो (आग) असताना हायड्रोचा (पाण्याचा) हिट बसला तर त्या हिटचं डॅमेज दुप्पट होतं. उलट, अंगावर हायड्रो असताना पायरो बसला तर दीडपट. मेल्टचंही तसंच: क्रायोवर (बर्फावर) पायरो दुप्पट, पायरोवर क्रायो दीडपट. मग जिथे बघावं तिथे लोक शिंगच्यू या पात्राचं पाणी आधी लावून वर श्यांगलिंगची आग का फिरवतात? यात तर कमी मिळतंय. उलट करून दुप्पट का घेत नाहीत?

दुसरं, माझी टीम श्यांगलिंग, शिंगच्यू, बेनेट आणि सुक्रोज. पायरोनेडो, म्हणजे श्यांगलिंगचं आगीचं चक्र, फिरत असताना डॅमेजचा एक आकडा मोठा येतो, मग दोन लहान, मग परत मोठा. आर्टिफॅक्ट (पात्राला घालायच्या वस्तू) तेच, शत्रू तोच. हे असं का होतं?

काजवा
वाचनखूण साठवली. दुसरा प्रश्न माझाही आहे.

अर्धा_चहा
एवढा विचार कशाला? क्रिट रेट (जास्त जोराचा हिट बसण्याची शक्यता) आणि क्रिट डॅमेज (त्या हिटचा जोर) एकास दोन ठेवायचं, बेनेटच्या वर्तुळात उभं राहायचं, बर्स्ट, म्हणजे पात्राचा मोठा हल्ला, सोडायचा. मी अबिसचा, म्हणजे खेळातल्या अवघड मजल्यांच्या आव्हानाचा, बारावा मजला असाच काढतो. रिअॅक्शन आपोआप होतात.

घाटमाथा
अर्धा_चहा, क्रिट हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण रातराणीच्या प्रश्नाचं उत्तर क्रिटमध्ये नाही. शत्रूच्या अंगावर एलिमेंट (आग, पाणी वगैरे) किती उरतं, यात ते आहे. जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक हल्ला शत्रूला ठरावीक मापाचं एलिमेंट लावतो. बहुतेक हल्ल्यांचं माप १ युनिट, काहींचं २, मोजक्यांचं ४. कोऱ्या शत्रूवर ते लागताना पाचवा हिस्सा कापला जातो, म्हणजे १ युनिट लावलं की अंगावर ०.८ राहतं. रिअॅक्शन झालीच नाही तर हे ०.८ साडेनऊ सेकंदांत विरून जातं. २ युनिटवालं १२ सेकंद टिकतं.

आता खाली पाणी आहे आणि वरून १ युनिट आग आली. या आगीनं पाणी फक्त ०.५ खर्च होतं. ०.८ मधले ०.३ अजून अंगावर आहेत. पुढच्या आगीच्या हिटला ते ०.३ पुरतं आणि तोही दीडपट बसतो. एकदा लावलेल्या पाण्यावर दोन व्हेपराइझ.

खाली आग आणि वरून १ युनिट पाणी आलं तर? हे पाणी २ युनिटपर्यंत आग खाऊन टाकतं. खाली ०.८ असो की २ युनिटच्या हल्ल्याचं १.६ असो, एका फटक्यात सगळं साफ. त्या एका हिटला दुप्पट मिळालं, पण पाण्याचा पुढचा हिट कोऱ्या शत्रूवर पडतो. त्याला काहीच मिळत नाही, वर शत्रू ओला होऊन बसतो. मग तुमची आग आली की व्हेपराइझ तिच्या नावावर लागतं आणि तेही दीडपटच.

म्हणजे दुप्पट एकदा मिळतं आणि थांबतं. दीडपट चालू राहतं.

रातराणी
हे इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. घाटमाथा, खूप धन्यवाद. मग आकडे लहानमोठे येतात तेही पाणी संपल्यामुळेच का?

घाटमाथा
हो. पायरोनेडोचा प्रत्येक हिट आग लावतो, मध्ये विश्रांती नाही. म्हणून तो पाणी भराभर संपवतो. शिंगच्यूच्या बर्स्टच्या तलवारी मात्र तुम्ही साधा हल्ला करता तेव्हाच पडतात. तुम्ही चुकवाचुकवी करत पळत राहिलात की तलवारी थांबतात, पायरोनेडो फिरतच राहतो. मग येणारे आकडे लहान. त्या वेळात कुणाकडूनही साधा हल्ला चालू ठेवा, अगदी सुक्रोजकडूनही. फरक लगेच दिसेल.

काजवा
चालू ठेवून बघितला. दिसला!

दूरदेशी
टोरंटोहून लिहितोय, इथे रात्र आहे, चुका सांभाळून घ्या.

घाटमाथांनी लिहिलंय त्यात एक भर. पायरोनेडोला विश्रांती नाही, पण बहुतेक हल्ल्यांना आहे. एकाच पात्राच्या एकाच प्रकारच्या हल्ल्यातून एलिमेंट दर हिटला लागत नाही. पहिला हिट लावतो, मग चौथा, मग सातवा, किंवा मधे २.५ सेकंद उलटली की पुन्हा लागतं. मधल्या हिटचं डॅमेज त्याच रंगाचं दिसतं, पण ते शत्रूला काही चिकटवत नाहीत. म्हणून भराभर तलवार चालवणाऱ्या पात्राचं पाणी वाटतं तेवढं लागत नाही, आणि श्यांगलिंग चार तारकांची असूनही इतकी वर्षं टिकून आहे. २८ सप्टेंबर २०२० ला खेळ आला तेव्हापासून ती आहे आणि आजही तिच्याजोगं दुसरं पात्र निवडताना विचार करावा लागतो.

आता ईएम, म्हणजे एलिमेंटल मास्टरी, रिअॅक्शनचा जोर वाढवणारा आकडा. व्हेपराइझ आणि मेल्टसाठी वाढ अशी मोजतात: ईएमला २.७८ ने गुणा आणि ईएम अधिक १४०० ने भागा. २०० ईएम असेल तर ०.३४७५ येतं, म्हणजे जवळपास ३५ टक्के. दीडला तेवढ्यानं वाढवलं की २.०२ होतात. रातराणी, तुम्ही ज्या दुपटीच्या शोधात होतात ती २०० ईएमवर तुमच्या आगीलाच मिळते आणि पाणीही शिल्लक राहतं. पुढे मात्र वाढ मंदावते. ४०० ला साधारण ६२ टक्के. म्हणून श्यांगलिंगवर सगळं ईएम ओतू नका, अटॅक आणि क्रिटबरोबर ठेवा.

अर्धा_चहा
बघा, शेवटी क्रिटच आलं ना!

घाटमाथा
आलं, पण ईएमच्या सोबतीनं. :)

सोनचाफा
मी नवीन आहे. नववीतल्या मुलाबरोबर खेळते, त्यानंच नाद लावला. आमची टीम नाहिदा, शिंगच्यू, कुकी शिनोबू आणि बार्बरा. हायपरब्लूम म्हणतात ना, ती हिरवी बियाणी फुटून शत्रूवर झेपावतात. मी कुकीला छान क्रिटचं सर्कलेट (डोक्यावरचं आर्टिफॅक्ट) घातलं होतं. पोरगा म्हणतो काढ आई ते, काही उपयोग नाही, सगळीकडे ईएम घाल. मला पटेना, एवढं सुंदर सर्कलेट. तो बरोबर सांगतोय का?

काजवा
काकू, पोरगा शंभर टक्के बरोबर सांगतोय.

बेळगावी
काकू, तुमचा मुलगा हुशार आहे. कारण सांगते.

रिअॅक्शनचे तीन गट धरा. पहिला व्हेपराइझ आणि मेल्ट. यांत तुमच्याच हिटचं डॅमेज वाढतं, त्यामुळे अटॅक, क्रिट, बोनस सगळं कामाला येतं. दुसरा गट हायपरब्लूम, ब्लूम, बर्जन, ओव्हरलोड, इलेक्ट्रो-चार्ज्ड, सुपरकंडक्ट, स्वर्ल यांचा. हे वेगळंच डॅमेज तयार करतात. त्यात अटॅक लागत नाही, एरवी क्रिट लागत नाही, हातातलं शस्त्र किती मारतं ते लागत नाही. रिअॅक्शन घडवणाऱ्या पात्राची लेव्हल, त्याचं ईएम आणि शत्रूचा त्या एलिमेंटला असलेला रेझिस्टन्स, एवढंच. शत्रूचा डिफेन्सही आड येत नाही, जो एरवी ९० लेव्हलच्या पात्रानं ९० लेव्हलच्या शत्रूला मारलं तर निम्मं डॅमेज खातो.

हायपरब्लूम घडवणारी कोण? बियाण्याला वीज लावणारी, म्हणजे कुकी. पाणी शिंगच्यूचं, हिरवळ नाहिदाची, पण हिशेब कुकीच्या नावावर. म्हणून तिच्या सँड्स, गॉब्लेट आणि सर्कलेट या तिन्ही आर्टिफॅक्टवर ईएम हवं. पाच तारकांचा पूर्ण वाढवलेला असला तर एकेक १८७ देतो.

सोनचाफा
आणि शस्त्र?

बेळगावी
ईएम देणारी कुठलीही तलवार. आयर्न स्टिंग तर लोहाराकडे बनवता येते. आणि काकू, कुकीची लेव्हल किती आहे?

सोनचाफा
८०. ९० चं सामान फार लागतं म्हणून सोडून दिलं.

बेळगावी
ते सोडू नका. बाकी पात्रांना ८० वरून ९० केलं तर फार फरक दिसत नाही. या गटात दिसतो, कारण लेव्हलचा मूळ आकडाच ८० ला १०७७ आहे आणि ९० ला १४४७. हायपरब्लूम त्याच्या तिप्पट धरतो, मग ईएमची वाढ: १६ गुणिले ईएम, भागिले ईएम अधिक २०००. ८०० ईएम आणि शत्रूचा डेंड्रो (हिरवळीचा) रेझिस्टन्स १० टक्के धरला तर ८० लेव्हलला एका बियाण्याचं साधारण १६,२०० आणि ९० ला २१,८००. आर्टिफॅक्टला हात न लावता एक तृतीयांश वाढ. कुकीवर घालवलेली लेव्हल वाढवायची पुस्तकं वाया जात नाहीत.

वेताळ
हे सगळं ठीक, पण हायपरब्लूमनं खेळाची मजा घालवली असं माझं ठाम मत आहे. डेंड्रो ऑगस्ट २०२२ ला खेळाच्या ३.० आवृत्तीत आलं. त्याआधी फ्रीझ टीम खेळायला हात बसावा लागायचा. कधी गोठवायचं, कधी बर्फ फुटू द्यायचा नाही. आता पाणी, हिरवळ, वीज लावा आणि बघत बसा.

दूरदेशी
वेताळ, अजिबात असहमत. फ्रीझमध्ये शत्रू हलतच नाही, त्याहून बघत बसणं दुसरं कुठलं? आणि बॉस गोठत नाहीत, तिथे फ्रीझ टीमचं अर्धं बळ जातं. ब्लिझर्ड स्ट्रेयर या आर्टिफॅक्ट सेटचा क्रिटही तसाच: क्रायो लागलेल्या शत्रूवर २० टक्के, गोठलेल्यावर आणखी २०. बॉस गोठला नाही की ते दुसरे २० गेले. हायपरब्लूमनं ज्यांच्याकडे पाच तारकांची पात्रं नाहीत अशा लोकांना बारावा मजला दाखवला. मला ते फार मोलाचं वाटतं.

वेताळ
पात्रांचा मुद्दा मान्य. मजेचा नाही.

सरडा
अवांतर: मुंबईत इथे खिडकीबाहेर पाऊस आणि खेळातही पाऊस. खेळातल्या पावसात शत्रू आपोआप ओले होतात हे किती जण वापरतात? मी फिशल या पात्राचा विजेचा कावळा सोडतो आणि इलेक्ट्रो-चार्ज्ड (पाणी आणि वीज) फुकटात. क्रायो असेल तर फ्रीझ फुकटात. पावसात पायरो टीम घेऊन गेलात तर व्हेपराइझही.

काजवा
आणि गवतात डेंड्रो शत्रूंवर पायरो घेऊन गेलात तर गवत पेटतं आणि आपणच भाजतो. :D

सरडा
त्यात बर्निंगचं डॅमेजही फारसं नाही. पेटलेल्या गवतातून पळताना हिलर शोधावा लागतो.

अर्धा_चहा
एक प्रामाणिक प्रश्न. बेळगावीनं तीन गट म्हटले, दोनच सांगितले. तिसरा कुठला?

बेळगावी
काकूंच्या कुकीत राहूनच गेलं. तिसरा गट अॅग्रव्हेट आणि स्प्रेड. डेंड्रो आणि इलेक्ट्रो (वीज) भेटले की शत्रूवर क्विकन बसतं. त्यावर पुन्हा इलेक्ट्रोचा हिट पडला की अॅग्रव्हेट, डेंड्रोचा पडला की स्प्रेड. यात तुमच्या हिटच्या मूळ डॅमेजमध्येच एक ठोक रक्कम मिळवली जाते. ९० लेव्हलला ईएम शून्य असतानाही अॅग्रव्हेटची साधारण १,६६०. आणि ती मूळ डॅमेजमध्ये मिळाल्यामुळे त्यावर पुढे क्रिट आणि इलेक्ट्रो बोनस दोन्ही लागतात.

तर अर्धा_चहा, हा गट तुमच्यासाठीच आहे. फिशल किंवा केचिंगला क्रिट घाला, सोबत थोडं ईएम, आणि नाहिदा. अॅग्रव्हेटनं क्विकन खर्चही होत नाही, त्यामुळे व्हेपराइझसारखं माप सांभाळावं लागत नाही.

अर्धा_चहा
आता बोललात माझ्या भाषेत. आज संध्याकाळीच फिशल काढतो.

वेताळ
आग आणि विजेच्या ओव्हरलोडबद्दल कुणीच काही बोललं नाही. स्फोट होतो, शत्रू लांब उडतो, आपण मागे धावायचं. तुमच्या पायरोनेडोचे दोन हिट हवेत. ही रिअॅक्शन वापरण्यासारखी आहे का?

दूरदेशी
लहान शत्रूंवर त्रासदायकच. पण ४.३ आवृत्तीत शेव्हरूझ हे पात्र आल्यावर चित्र बदललं. टीममध्ये फक्त पायरो आणि इलेक्ट्रो पात्रं असतील तर ओव्हरलोड घडल्यावर ती शत्रूचा दोन्ही एलिमेंटचा रेझिस्टन्स ४० टक्क्यांनी कमी करते. १० टक्क्यांचा रेझिस्टन्स उणे ३० होतो. शून्याखाली गेलेल्याचा अर्धाच फायदा धरतात, म्हणजे ०.९ ऐवजी १.१५ पट. म्हणजे जवळपास २८ टक्के वाढ, तुमच्या प्रत्येक पायरो आणि इलेक्ट्रो हिटवर. स्फोटाचं स्वतःचं डॅमेज सोडा, हे घ्या.

रातराणी, तुमच्या सुक्रोजचंही हेच. तिला विरिडेसेंट व्हेनररचे चार आर्टिफॅक्ट घाला, तिनं आग पसरवली की पायरो रेझिस्टन्स ४० ने पडतो. आणि तिच्याकडे ईएम भरपूर असलं तर त्यातला वाटा ती टीमला देते, जो श्यांगलिंगच्या व्हेपराइझला उपयोगी. तुमच्या टीममधली सगळ्यात दुर्लक्षित पण सगळ्यात कामाची तीच आहे.

रातराणी
सुक्रोजवर मी क्रिट घातलंय!

बेळगावी
ते काकूंच्या सर्कलेटशेजारी ठेवा. कुणाच्या तरी कामी येईल.

सरडा
ईएमसाठी कुठली गुहा लुटायची तेही सांगा. गुहा लुटायला लागणारं रेझिन २०० भरून बसलंय.

बेळगावी
हायपरब्लूमसाठी फ्लॉवर ऑफ पॅराडाइज लॉस्ट हा सेट जिथे मिळतो ती. तो ब्लूम, हायपरब्लूम आणि बर्जनचं डॅमेज ४० टक्क्यांनी वाढवतो. आणि रेझिन २०० वर गेलं की पुढे भरत नाही, आठ मिनिटांना एक याप्रमाणे वाया जातंय. धागा बंद करा आणि आधी ते संपवा.

काजवा
नॉड-क्राय हा नवा प्रदेश आल्यापासून लूनर रिअॅक्शन आल्यात, त्यांना तर क्रिटही लागतो म्हणे. म्हणजे दुसऱ्या गटाचा नियमच मोडला?

दूरदेशी
त्या रिअॅक्शन ठरावीक पात्रांच्या जोरावरच होतात, सरसकट नाही. लूनर-चार्ज्डला क्रिट लागतो हे खरं. पण साध्या इलेक्ट्रो-चार्ज्डचा आणि काकूंच्या हायपरब्लूमचा हिशेब जुनाच आहे. त्यासाठी वेगळा धागा काढू, इथे गुंता होईल.

रातराणी
मूळ प्रश्नावर परत येते. दीडपट का, ते पटलं. पण मग दुप्पट कुणीच वापरत नाही का? खेळ बनवणाऱ्यांनी ठेवलंय तर काहीतरी उपयोग असेल.

घाटमाथा
आहे. जिथे एकच फटका महत्त्वाचा असतो तिथे दुप्पट. त्या फटक्यानंतर खाली काही उरलं नाही तरी चालतं.

उत्तम उदाहरण टार्टालिया, श्यांगलिंग, बेनेट आणि काझुहाची टीम. टार्टालिया जवळच्या लढाईत असताना भराभर पाणी लावतो आणि त्यावर पायरोनेडो दीडपटीनं सतत मारत राहतो. पण त्याचा स्वतःचा बर्स्ट हा एक मोठा हिट. तो सोडताना खेळाडू बघतात की शत्रूवर त्या क्षणी पायरो आहे. मग तो एक हिट दुप्पट. एकाच टीममध्ये दोन्ही दिशा: सतत मारणाऱ्याला दीडपट, एकदाच मारणाऱ्याला दुप्पट.

उलट बाजू गान्यूच्या मेल्टची. तिचे चार्ज्ड बाण क्रायोचे, खाली पायरो. तिला दीडपटच मिळतं, पण तिच्या एका बाणानं आग थोडीच खर्च होते, म्हणून बाणामागून बाण मेल्ट होतात. रातराणी, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये मेल्टचा उल्लेख केलात म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

वेताळ
टार्टालियाचा बर्स्ट पायरोवर नेमका सोडायला हात बसावा लागतो. हे मला आवडलं. अशा गोष्टींसाठीच खेळतो.

दूरदेशी
वेताळ आणि माझं एका गोष्टीवर एकमत झालं, नोंद घ्यावी.

सोनचाफा
सर्कलेट काढलं, आयर्न स्टिंग बनवली, पुस्तकं जमवायला घेतली. पण एक अडतंय. कुकीला सगळं ईएम घातल्यावर ती आता बरं करेल का? आधी तिला एचपी (जीव) वाढवणारं सामान होतं. आणि बियाणी कधी कधी झेपावतच नाहीत, जागेवर फुटून जातात.

बेळगावी
काकू, बरं करणं चालूच राहील. तिच्या एका पॅसिव्हमुळे (आपोआप चालणाऱ्या गुणामुळे) तिच्या ईएमच्या ७५ टक्के इतकी भर प्रत्येक वेळच्या हिलिंगमध्ये पडते. ८०० ईएम म्हणजे ६०० ची भर. ते पॅसिव्ह चौथ्या असेन्शनला (लेव्हलची मर्यादा वाढवायच्या टप्प्याला) उघडतं, तुमचं ८० ला उघडलेलंच आहे. फक्त स्किल वापरताना ती स्वतःच्या एचपीतून ३० टक्के काढते, म्हणून ती अर्धमेली असताना एकदम शत्रूच्या गर्दीत शिरू नका.

बियाण्यांचं: ती सहा सेकंद पडून राहतात, मग आपोआप फुटतात. तो साधा ब्लूम, हायपरब्लूमपेक्षा कमी डॅमेजचा. आणि एका वेळी पाचच राहू शकतात, सहावं आलं की सगळ्यात जुनं फुटतं. वीज बियाण्याला लागायला हवी, शत्रूला लागून भागत नाही. कुकीच्या स्किलचं कडं मैदानात असलेल्या पात्राभोवती फिरतं आणि दर दीड सेकंदानं वीज मारतं. म्हणून लांबून बाण किंवा जादू सोडू नका, शत्रूला खेटून उभ्या राहा. बार्बराऐवजी मैदानात नाहिदाला ठेवून साधे हल्ले करा, शिंगच्यूच्या तलवारी पडतील, बियाणी तुमच्या पायाशीच तयार होतील आणि कडं ती उचलेल.

सोनचाफा
मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, बार्बराच्या जागी मी काझुहा घेणार, तू विचार त्यांना चालेल का.

घाटमाथा
चालेल, पण त्याला सांगा की काझुहा डेंड्रो पसरवू शकत नाही. स्वर्ल पायरो, हायड्रो, इलेक्ट्रो आणि क्रायोचंच होतं. या टीमला त्यापेक्षा दुसरा डेंड्रो किंवा एखादी ढाल जास्त उपयोगी. डेंड्रो ट्रॅव्हलर, म्हणजे खेळाचं मुख्य पात्र, तर सगळ्यांकडेच आहे.